ढगाच्या पाठीवरची तारीख

मी कविता लिहायला लागलो तेव्हा माझ्या वहीत ढगच ढग होते. काळे, सावळे, गहिवरलेले, कुणाची तरी वाट बघणारे. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात जेवढा पाऊस पडत नाही, तेवढा त्या वहीत पडत होता. त्यातली एक कविता एकदा अब्बांना वाचून दाखवली. अब्बा कोरडवाहू शेतकरी. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण मराठी कविता मन लावून ऐकायचे. ऐकून झाल्यावर म्हणाले, “बादल किधर का है, वो तो लिख्याच नई तू.” ढग कुठल्या दिशेचा, वारा कसा, वेळ कुठली, हे कवितेत नव्हतं. मग त्या ढगाच्या भरवशावर तिफण काढायची की नाही, हे त्यांना कसं कळावं? मी मनातल्या मनात हसलो. तेव्हा मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि त्या वयात बापाचं साहित्यविषयक मत कुणी मनावर घेत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराविषयी वाचत असताना अब्बांचं ते वाक्य पुन्हा कानावर आलं. कॉन्स्टेबल १७७६ साली सफक परगण्यातल्या ईस्ट बर्गोल्ट या गावी जन्मला. वडिलांच्या पिठाच्या गिरण्या होत्या, पाण्यावर चालणाऱ्या आणि वाऱ्यावर चालणाऱ्याही. चित्रकला शिकायला लंडनला जाण्यापूर्वी हा मुलगा वर्षभर पवनचक्कीवर राबला होता. पवनचक्कीवाल्याचा पोरगा आभाळाकडे बघतो ते पंख्यांचं तोंड कुठं वळवायचं आणि वादळ यायच्या आत शिडं कधी उतरवायची, हे ठरवायला. आभाळ वाचता आलं नाही तर दिवसाची मजुरी बुडते, कधी चक्कीच मोडते.

१८१९ पासून कॉन्स्टेबल लंडनच्या उत्तरेकडल्या हॅम्पस्टेड या उंचवट्यावर घर घेऊन राहू लागला. बायको मारिया क्षयानं आजारी होती, शहराचा धूर तिला सोसत नव्हता. तिथं १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत त्यानं एक विलक्षण उद्योग केला. रंगपेटी घेऊन तो माळावर जाऊन बसायचा आणि तैलरंगात कागदावर नुसतं आभाळ रंगवायचा. कित्येक कागदांवर खाली जमिनीची रेघही नाही. आभाळ थांबत नाही, त्यामुळे चित्र तासाभरात उरकावं लागे. ऑक्टोबर १८२२ मध्ये एका पाद्री मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं पन्नासेक आभाळं रंगवून झाल्याचं कळवलं आहे.

मला खरा हेवा वाटतो तो त्या कागदांच्या पाठीमागच्या मजकुराचा. ११ सप्टेंबर १८२१ चा एक कागद आहे. पाठीमागे नोंद अशी, की वेळ सकाळी दहा ते अकरा, सूर्याच्या खालचे ढग रुपेरी करडे, हवा कोंदट, वारा हलका नैर्ऋत्येचा, दिवसभर उघडीप, मात्र त्यानंतरच्या रात्री पाऊस. ही शेवटची नोंद बघा. सकाळी अकराला चित्र पुरं करणाऱ्या माणसाला रात्रीचा पाऊस कसा ठाऊक असेल? म्हणजे दुसऱ्या दिवशी उठून त्यानं तो कागद पुन्हा हातात घेतला आणि त्या ढगाचं पुढं काय झालं ते लिहून ठेवलं. विसाव्या शतकात हवामानतज्ज्ञांनी या नोंदी त्या काळच्या हवामानाच्या दप्तराशी ताडून पाहिल्या आणि त्या जुळल्या. जॉन थॉर्न्स या अभ्यासकानं १९९९ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं.

त्या काळी चित्रातलं आभाळ म्हणजे वस्तूंच्या मागं टांगलेली पांढरी चादर, तिनं आपल्याकडे लक्ष ओढून घेऊ नये, असं मानणारे बरेच होते. कॉन्स्टेबलचं म्हणणं उलटं होतं. उजेड आभाळातून येतो, म्हणून चित्रातली भावनाही तिथूनच येते. हे त्याला महागात पडलं. सॉल्सबरीच्या कॅथेड्रलचं चित्र खुद्द तिथल्या बिशपांसाठी केलं, १८२३ साली. बिशपांना चित्र आवडलं, फक्त कॅथेड्रलवरचा तो काळा ढग नको होता. शेवटी कॉन्स्टेबलनं उजळ आभाळाचं दुसरं चित्र काढलं. यजमानाला हवं तसं हवामान पुरवण्याची वेळ कवींवरही येते, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही.

कॉन्स्टेबल एकटाच आभाळाकडे बघत नव्हता. डिसेंबर १८०२ मध्ये लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटजवळ आस्केसियन सोसायटी या हौशी मंडळींच्या बैठकीत ल्यूक हॉवर्ड या तीस वर्षांच्या तरुणानं एक निबंध वाचला. हॉवर्ड धंद्यानं औषधं तयार करणारा, पंथानं क्वेकर. त्यानं ढगांना लॅटिन नावं दिली, म्हणजे कुठल्याही देशातल्या माणसाला ती वापरता यावीत. केसांच्या बटेसारखे ते सिरस, रास घातल्यासारखे ते क्युम्युलस, थर पसरल्यासारखे ते स्ट्रेटस, आणि पाऊस देणारे ते निम्बस. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्क यांनीही ढगांना फ्रेंच नावं दिली होती, ती मागं पडली. हॉवर्डची आजही चालतात. एक ढग दुसऱ्यात कसा बदलत जातो, हेच त्यानं प्रामुख्यानं मांडलं होतं. तो स्वतः जलरंगात ढग काढायचा. कॉन्स्टेबलकडे टॉमस फॉर्स्टर यांचं हवामानावरचं पुस्तक होतं, त्यात हॉवर्डच्या वर्गवारीची चर्चा होती. त्या प्रतीच्या समासात कॉन्स्टेबलनं ठिकठिकाणी शेरे मारून ठेवले आहेत.

इथं मला थोडं आडवळणानं जाऊ द्या, कारण हे वळण थेट नागपूरजवळच्या रामटेकला जातं.

हॉवर्डचा निबंध जर्मनीत पोचला आणि १८१५ च्या सुमारास गटे या महाकवीच्या हाती पडला. गटे इतका हरखला, की त्यानं या अनोळखी इंग्रज औषधवाल्याच्या सन्मानार्थ कविताच लिहिली. आपल्यावर गटेनं कविता केली आहे हे हॉवर्डला कळलं, तेव्हा आधी कुणीतरी थट्टा करतंय असं वाटलं. या कवितेच्या आरंभी गटे एका देवतेला आवाहन करतो. त्या देवतेचं नाव कामरूप! वायमारच्या कवीला हा शब्द कुठं सापडला? होरेस विल्सन हे ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर. त्यांनी १८१३ साली कलकत्त्याला ‘मेघदूता’चा इंग्रजी अनुवाद छापला होता. तो गटेनं वाचला होता. कालिदासाचा यक्ष मेघाला कामरूप म्हणतो, हवं ते रूप घेणारा या अर्थानं. संस्कृतातलं विशेषण जर्मनीत पोचेपर्यंत देव झालं. यक्षाचा तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं. तेव्हा रामटेकच्या डोंगरावरून निघालेला ढग अलकेला तर गेलाच, पण लंडनच्या क्वेकरालाही भेटून आला, असं म्हणायला हरकत नाही. (२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, त्या गाडीला ‘जलदूत’ म्हणत. नाव ठेवणाऱ्याला कालिदास आठवला असणार.)

गटेला या शास्त्राचा इतका उत्साह चढला, की कास्पार डेव्हिड फ्रिडरिश या मोठ्या जर्मन चित्रकाराला त्यानं हॉवर्डच्या वर्गवारीप्रमाणे ढग काढून देण्याविषयी विचारलं. फ्रिडरिशनं नकार दिला. मोकळ्या ढगांना असं दावणीला बांधलं तर निसर्गचित्राचा पायाच उखडेल, अशी त्याला धास्ती होती. कवी म्हणून माझं मन फ्रिडरिशच्या बाजूनं झुकायला हवं, आणि बरीच वर्षं ते तसं झुकलेलंही होतं. आता झुकत नाही. कॉन्स्टेबलनं तारीख, वार, वारा सगळं लिहिलं म्हणून त्याच्या ढगांचं मोकळेपण कुठं कमी झालं?

आमच्या गावात आभाळ म्हणजे आकाशही आणि ढगही. ‘आभाळ आलंय’ म्हटलं की समजायचं. संस्कृतात अभ्र आणि फारसीत अब्र, दोघं सख्खे भाऊ. एवढे शब्द असूनही ढग कशाचा झालेला असतो, हे आम्ही कवी सहसा विचारत नाही. कालिदासानं विचारलं होतं. यक्ष मेघाशी बोलायला लागतो तेव्हा कवी आपल्याला आठवण देतो, की मेघ म्हणजे शेवटी धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा मेळ, तो काय निरोप नेणार! या यादीत पहिलं नाव धुराचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकन या स्कॉटिश शास्त्रज्ञानं प्रयोगानं दाखवलं, की हवेत धुळीचे वा धुराचे बारीक कण असल्याशिवाय बाष्पाचं धुकं होत नाही. पाण्याला टेकायला काहीतरी लागतं. ढगांच्या चित्रांची पुढची हकीकत या धुराची आहे.

हॉवर्डनं पुढं लंडनच्या हवामानावर मोठा ग्रंथ लिहिला. थर्मामीटरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून त्यानं दाखवून दिलं, की शहरातली रात्र बाहेरच्या खेड्यांपेक्षा सरासरीनं पावणेचार अंश फॅरनहाइटनं अधिक उबदार असते. शहर आपलं हवामान आपणच घडवतं, हे आकड्यांत मांडणारा तो बहुधा पहिला. मारिया कॉन्स्टेबल १८२८ मध्ये गेली. हॅम्पस्टेडची स्वच्छ हवा तिला वाचवू शकली नाही.

फेब्रुवारी १८८४ मध्ये जॉन रस्किन या कलासमीक्षकानं लंडनमध्ये दोन व्याख्यानं दिली. विषय होता एकोणिसाव्या शतकाचा वादळी ढग. आयुष्यभर रोजनिशीत आभाळाच्या नोंदी ठेवणारा हा म्हातारा सांगत होता, की १८७१ पासून मी एक नवाच ढग बघतोय, जुन्या कुणी वर्णन न केलेला, घाणेरडा, थरथरणारा. तो कारखान्यांच्या धुराड्यांतून आल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्यांना हा भ्रम वाटला. रस्किनला आधी वेडाचे झटके येऊन गेले होते, त्यामुळे हसणाऱ्यांची सोय झाली. त्यानं त्या ढगात माणसांचं पापही पाहिलं, हा भाग बाजूला ठेवू. पण धुराड्यांकडे त्यानं दाखवलेलं बोट चुकीचं नव्हतं.

त्याच धुरावर क्लोद मोने मात्र लुब्ध झाला. १८९९ ते १९०१ या काळात तो तीनदा लंडनला आला, सॅव्हॉय हॉटेलच्या खिडकीत बसला आणि थेम्सवरचे पूल धुक्यात रंगवत राहिला. शंभराच्या आसपास कॅनव्हास सुरू केले, त्यातले ३७ त्यानं १९०४ मध्ये पॅरिसला मांडले. जांभळं, गुलाबी, नारिंगी धुकं. मार्च १९०० मधल्या एका पत्रात तो बायकोला कळवतो, की सकाळी उठलो तर धुक्याचा मागमूस नाही, माझ्या काळजाचा ठोका चुकला. मग हळूहळू घराघरांत शेगड्या पेटल्या, धूर निघाला आणि धुकं परत आलं. हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. इतक्या निर्मळ मनानं लिहिलंय त्यानं! चित्र वाचावं म्हणून तो शहराच्या चुली पेटायची वाट बघतोय.

२०२३ मध्ये ॲना ली ऑलब्राइट आणि पीटर हायबर्स या शास्त्रज्ञांनी टर्नर आणि मोने यांची शंभरेक चित्रं तपासली. जसजसा हवेतला गंधकाचा धूर वाढत गेला, तसतशा चित्रांतल्या रेषा पुसट होत गेल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे. चित्राची शैली अशी मोजपट्टीनं मोजता येते का, ही शंका मलाही आहे. मोनेची नजरच अधू होती असं काहीजण म्हणतात. पण त्याच्या मोतीबिंदूचं निदान १९१२ चं, लंडनची चित्रं त्याआधीची. मी एवढंच धरून चालतो, की त्या पुसट रेषांत थोडा मोने आहे आणि थोडा दगडी कोळसा. डिसेंबर १९५२ मध्ये याच लंडनमध्ये पाच दिवस धूर आणि धुकं कोंडून राहिलं. सुरुवातीच्या हिशेबानं चार हजार माणसं मेली, नंतरच्या अभ्यासांत हा आकडा बारा हजारांपर्यंत गेला. १९५६ साली कायदा करावा लागला. रस्किनला जाऊन तेव्हा ५६ वर्षं झाली होती.

हे सगळं वाचून झाल्यावर मला फुजिको नाकाया यांच्याविषयी कळलं, आणि बरं वाटलं. जन्म १९३३, जपानच्या साप्पोरोचा. वडील उकिचिरो नाकाया भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी १९३६ साली होक्काइडो विद्यापीठातल्या थंड खोलीत सशाच्या केसाच्या टोकावर हिमाचा पहिला कृत्रिम स्फटिक वाढवून दाखवला होता. हिमकणाचा आकार वाचता आला तर वरच्या हवेची खबर कळते, असं ते मानत. आभाळानं धाडलेलं पत्रच ते.

१९७० मध्ये ओसाकाला जागतिक प्रदर्शन भरलं. अमेरिकेतल्या कलावंत आणि इंजिनीअर यांच्या एका गटाकडे तिथल्या पेप्सी मंडपाचं काम होतं. पांढरा घुमट होता आणि तो ढगानं झाकायचा होता. जबाबदारी फुजिकोंवर आली. टॉमस मी नावाचे ढगांचे अमेरिकन अभ्यासक बाईंच्या मदतीला होते. त्यांना रसायनांनी धुकं करता येत होतं. फळबागांना हिमापासून वाचवायला तसे प्रयोग चालत. फुजिकोंनी नकार दिला. धुकं नुसत्या पाण्याचं हवं, कारण माणसं त्यात चालणार, श्वास घेणार. मग मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढ्या छिद्राची तोटी तयार झाली, पाणी जोरानं सुटून पुढच्या टाचणीवर फुटणारी. अशा अडीच हजारांवर तोट्या घुमटावर बसवल्या. त्या जागेवरचा वारा बाईंनी आधी अभ्यासला होता. वारा पडला की धुकं घुमटावर बसून राही, वारा उठला की निसटून जाई. त्याला रोखायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. पुढं त्यांनी जगभर धुक्याची शिल्पं केली. त्यांच्या नावांत आकडे असतात. बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाबाहेरच्या शिल्पाचा आकडा आहे ०८०२५. तो जवळच्या हवामान केंद्राचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे. कॉन्स्टेबल कागदाच्या पाठीमागे लिहायचा, बाईंनी ते नावातच घातलं.

यानंतरही असे प्रयोग झाले. नेदरलंड्सच्या बर्नडनॉट स्मिल्डे यांनी २०१० पासून बंद खोल्यांत ढग करून दाखवले. दमट हवा, थोडा धूर, नेमका उजेड, म्हणजे कालिदासाची यादीच, फक्त वारा वगळून. काही क्षणांत ढग विरतो, छायाचित्र उरतं. छायाचित्रं देखणी आहेत, पण हुकमानं आलेल्या ढगावर माझा जीव जडत नाही. ओलाफुर एलियासन यांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या दालनात दिव्यांचा प्रचंड सूर्य टांगला, साखरपाण्याचं धुकं सोडलं, छताला आरसे लावले. वीस लाखांच्या आसपास लोक येऊन गेले, जमिनीवर उताणे पडून आरशात स्वतःला बघत राहिले. मला त्यात वेगळंच दिसतं. ती इमारत म्हणजे पूर्वीचं बँकसाइड वीजकेंद्र, १९८१ मध्ये बंद पडलेलं. ज्या ठिकाणाहून धूर वर जायचा, तिथंच लोक खोट्या धुक्यात ऊन खात होते.

आमच्याकडेही ढगावर प्रयोग झाला, कलेचा नव्हे, गरजेचा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात विमानं उडवली. ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायच्या, त्या धुराचे कण पाण्याला धरून थेंब मोठे करतात. पावणेतीनशेच्या आसपास ढग निवडले होते, काहींवर फवारणी केली, काही मुद्दाम तसेच सोडले, म्हणजे तुलना करता यावी. काही भागांत सुमारे १८ टक्के जास्त पाऊस झाला, असं २०२३ मध्ये जाहीर झालं. ढग मुळात असावा लागतो, तो विमानाला तयार करता येत नाही.

त्या दिवसांत अब्बा अंगणात बाजेवर बसून असत. डोळ्यांना कमी दिसायचं, पण विमानाचा आवाज आला की मान वर करायचे आणि आधी वाऱ्याची चौकशी करायचे. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात भिंतीवरची जुनी कॅलेंडरं दोरीनं बांधून ठेवलेली होती, चौतीस वर्षांची. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीनं, चौथीच्या अक्षरात, आभाळ लिहिलेलं. पूर्वेचं, संध्याकाळी, पडला नाही. पश्चिमेचं, दुपारी, ओढा वाहिला. मी कविता वाचून दाखवली होती त्या वर्षाचं कॅलेंडरही त्यात होतं. तो सगळा महिना कोरडा गेलेला दिसतो.

२०१८ च्या ऑगस्टातल्या एका चौकोनात लिहिलंय: विमान आलं. वारा पश्चिम. रात्री थोडा. तो थोडा पाऊस विमानाचा की ढगाचा स्वतःचा, ते अब्बांनी लिहिलेलं नाही.